नाशिक रोड येईपर्यंत

मखमलाबाद, नाशिक
२४ ऑक्टोबर १९९९

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण मी सध्या रागात आहे, तेव्हा नुसता नमस्कार घ्या. रागावलेल्या माणसाने लोटांगण घातलं तर ते खोटं दिसतं.

तुम्ही इगतपुरीला आत्याकडे सुखरूप पोचलात, हे तिने वाण्याच्या दुकानात फोन करून कळवलं. तुम्ही स्वतः फोनजवळ उभे होतात आणि बोलला नाहीत, हेही तिने कळवलं. बरं केलंत. मीही बोलले नसते.

तुम्हाला वाटत असेल, दीपा चार दिवसांत नरमेल, माफी मागेल. दादा, मी माफी मागणार नाही. माझं काही चुकलेलं नाही. आपल्या वर्कशॉपचा नियम तुम्हीच घातलात: बंदूक ज्याने दुरुस्त केली, पहिला बार त्यानेच काढायचा, हातात धरून, सगळ्यांदेखत. दोरी बांधून लांबून चाप ओढणारे कारागीर तुम्हाला आवडत नाहीत. "स्वतःच्या कामावर भरोसा नाही तर दुसऱ्याच्या हातात देता कसं?" हे मी लहानपणापासून ऐकत आले. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्र्यंबकच्या गिऱ्हाईकाची दुनळी बंदूक घेऊन आपण भिमाजीकाकांच्या मळ्यातल्या कोरड्या विहिरीवर गेलो, तेव्हा काय झालं? ती दुनळी मी खोलली, मी जोडली, तिचा घोडा मी बसवला. तुम्ही खुर्चीवर बसून चहा पीत होतात. आणि ऐन वेळी, मी पाय रोवून उभी राहिले तर तुम्ही पुढे होऊन माझ्या हातातून ती काढून घेतलीत! गिऱ्हाईकासमोर! भिमाजीकाका जमिनीकडे बघत राहिले. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की सांगता सोय नाही.

ही काही पहिली वेळ नव्हती. माझ्या प्रत्येक कामाचा बार तुम्हीच काढलात. लायसन्सवर कारागीर म्हणून माझं नाव तुम्हीच घातलंत, आयटीआयला फिटरच्या वर्गात एकटी मुलगी म्हणून तुम्हीच नेऊन बसवलंत, आणि बार काढायची वेळ आली की मी पुन्हा फ्रॉकातली पोर.

मी विचारलं, तर म्हणालात, "ते बाईमाणसाचं काम नाही. ज्या दिवशी तू बार काढशील, त्या दिवशी मी या घरात नसेन."

मी म्हटलं, "नका असू."

तेवढ्यावर पिशवी उचललीत. फौजेत राहून आलेला माणूस, एवढ्याशा बोलण्यावर ठाणं सोडतो का हो?

असो. आता कामाचं. काल निफाडहून धनराज आला होता. द्राक्षवाला, त्याच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर तुम्हीच दरवर्षी बघता तो. रिव्हॉल्व्हर जाम आहे. घोडा मागे येत नाही, चक्री फिरत नाही. "दादा नायत का?" म्हणाला. मी म्हटलं, "मी आहे." तो जरा घुटमळला. मग ठेवून गेला.

पोत्यात गुंडाळून आणलं होतं. उघडलं तर त्याला मुंग्या लागलेल्या. दादा, रिव्हॉल्व्हरला मुंग्या! मी पोलिसांचे, जमीनदारांचे, पिस्तुलाची उशी करून झोपणाऱ्यांचे नमुने पाहिले, पण मुंग्या नाही पाहिल्या. कारण पुढच्या पत्रात सांगेन. तुम्हाला उत्सुकता असेल तर उत्तर लिहा.

तुमची
दीपमाला

ता.क. तुमची कानटोपी इथेच राहिली आहे. इगतपुरीच्या थंडीत कान धरून बसा.


मखमलाबाद
१२ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप दादा,

नमस्कार. यावेळी थोडं वाकून, कारण दिवाळी झाली.

तुमचं उत्तर आलं नाही. पाडव्यालाही आला नाहीत. आईने सकाळीच तबक तयार ठेवलं होतं. दुपारपर्यंत वाट पाहिली, आणि मग काय केलं माहीत आहे? तुमची कानटोपी पाटावर ठेवली आणि तिला ओवाळलं. वर म्हणते, "टोपी बरी. उलटून बोलत नाही, न सांगता गाडीत बसत नाही." मी हसले, ती हसली नाही. हे तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. भाऊबिजेला मात्र आत्याची चंगळ झाली असणार, घरचा भाऊ घरातच.

मुंग्यांचं कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, कारण मला पोटात ठेवता येत नाही.

या सालच्या निवडणुकीत सगळ्यांची हत्यारं ठाण्यात जमा झाली होती ना, तशी धनराजचीही झाली. निकाल लागल्यावर रिव्हॉल्व्हर घरी आलं, आणि पाठोपाठ दसरा. धनराजची आई, तानुबाई, तुम्ही पाहिल्यात. नऊवारीतल्या, आवाज असा की बागेच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचे पक्षी उडावेत. त्या म्हणाल्या, "दोन महिने पोलीस ठाण्यात ऱ्हायलंय ते. कुणाकुणाच्या बंदुकीला लागून पडलं आसंल, कुणी रक्ताचं, कुणी कशाचं. तसंच देवापुढं ठेवू व्हय?" आणि घातली की हो त्यांनी आंघोळ! पंचामृताची! दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं यथासांग. वरून गरम पाणी. मग हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल नळीत खोचलेलं. आणि रात्रभर देव्हाऱ्यात.

मी खोललं तेव्हा आत पेढा झाला होता, दादा. मध आणि साखर घट्ट बसलेली, त्यात कुंकू, त्यात तांदळाचे दाणे, आणि त्याखाली गंज. चक्रीला ढकलणारा जो छोटा पंजा असतो, तो गंजून आणि कुणीतरी जोर लावून तुटला आहे. जोर धनराजनेच लावला, पण कबूल करत नाही. "आपोआप झालं," म्हणतो. आपोआप!

तीन वेळा रॉकेलने धुतलं, तरी वर्कशॉपला प्रसादाचा वास येतो आहे. आई येता जाता हात जोडते, ते मला चिडवायला.

तो पंजा विकत मिळणार नाही. इतकं जुनं मॉडेल आहे. नवा घडवावा लागेल. तुम्ही असतात तर तुमच्या डब्यातून बरोबर पोलाद काढून दिलं असतंत. मी डबा शोधला. सापडला. म्हणजे तुमची फार गरज आहे असं समजू नका.

धनराजला डिसेंबरअखेर लायसन्सच्या नूतनीकरणाला हत्यार दाखवायचं आहे. तेव्हा वर्ष संपायच्या आत बार निघालाच पाहिजे, आणि तो मीच काढणार आहे.

तुमची
दीपमाला


मखमलाबाद
५ डिसेंबर १९९९

तीर्थरूप दादा,

नमस्कार, कमरेत वाकून.

काम झालं!

कसं झालं ते ऐका. दोन पंजे वाया गेले. पहिला मऊ राहिला, दुसरा आगीत जास्त वेळ ठेवला गेला, तो काचेसारखा टचकन मोडला. तिसरा असा बसला की चक्रीची सहाही घरं एकापाठोपाठ एक नळीसमोर येतात आणि "टक्" करून थांबतात. तो आवाज तुम्हाला ऐकवायला हवा होता. मी रिकाम्या घरांवर इतक्या वेळा फिरवलं की आई म्हणाली, "आता बाई त्याला झोपू दे." नळी आरशात धरून पाहिली, गंजाचे खड्डे आतपर्यंत गेलेले नाहीत. चाप तुम्हाला आवडतो तसा ठेवला आहे, जरासा जड. एक सांगू? मी फार चांगलं काम केलं आहे. दुसरं कुणी म्हणायला नाही, म्हणून मीच म्हणते.

बार अजून काढला नाही. भिमाजीकाकांच्या झेंडूची तोडणी चालू आहे, विहिरीच्या बाजूला बायका असतात, म्हणून थांबले.

आत्याची चिठ्ठी मिळाली. ती लिहिते, की माझी पत्रं तुम्ही तिला मोठ्याने वाचायला लावता आणि स्वतः छताकडे बघत बसता. चष्मा लावून स्वतः वाचा की. आणि आणखी एक लिहिते. तुम्ही तिला म्हणालात, "पोरीला कळत नाही मी का अडवतो."

मला कळतं हो, दादा. तुम्हाला वाटतं कळत नाही, कारण आपण त्यावर कधी बोललोच नाही.

मी दुसरीत होते. तुम्ही नुकतेच फौजेतून आला होतात, वर्कशॉप नवं होतं. कुणाचं तरी जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन तुम्ही विहिरीवर गेलात आणि मी हट्टाने तुमच्यामागे आले. चाप ओढला, नुसता "टक्" आवाज झाला. काडतूस उडालं नाही. तुम्ही म्हणालात, "काडतूस मेलं," आणि चक्री उघडली. ते मेलं नव्हतं. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मला आठवतं ते रक्त नाही. तुम्ही डाव्या हाताने माझे डोळे झाकलेत, ते आठवतं. तळव्याला तेलाचा वास होता.

मग दवाखान्यात पडल्या पडल्या तुम्ही तो नियम काढलात. बार उडाला नाही तर हलायचं नाही. नळी वाळूकडेच धरून ठेवायची, आणि मनात इगतपुरीहून गाडीत बसायचं. घोटी, पाडळी, अस्वली, लहवित, देवळाली, नाशिक रोड. प्रत्येक स्टेशनावर गाडी थांबवायची, माणसं चढू द्यायची, उतरू द्यायची. नाशिक रोड आल्याशिवाय चक्रीला हात लावायचा नाही. आजोबा रेल्वेत गँगमन, तुम्ही त्या रुळांवर वाढलात, म्हणून तुम्हाला ती स्टेशनं सुचली. दुसऱ्या कुणाला हनुमानाचं स्तोत्र सुचलं असतं. मी तर शाळेत बाईंनी नद्या विचारल्या की स्टेशनं सांगायची. "त्या दिवशी गाडी इगतपुरीतून हललीसुद्धा नव्हती आणि मी उतरलो," हे तुम्ही हसत सांगता, पण हसताना तो हात पाठीमागे नेता. मी रोज बघते.

म्हणजे तुम्ही मला कमी समजता म्हणून अडवत नाही. तुम्हाला भीती वाटते. आणि भीती वाटते असं म्हणण्यापेक्षा "बाईमाणसाचं काम नाही" असं म्हणणं तुम्हाला सोपं जातं. त्याचाच मला खरा राग आला होता. भीती वाटते म्हणाला असतात, तर मी त्या दिवशी "नका असू" म्हटलं नसतं.

पण दादा, तुमच्या भीतीने माझे हात बांधून कसं चालेल? मी आयुष्यभर घोडे बसवायचे आणि बार दुसऱ्याने काढायचा? मग मी कारागीर नाही, हाताखालची. लोक तेच समजतात. धनराज कालही विचारत होता, "दादा कवा येत्यात?" जणू मी दुकानाची पाटी आहे, मालक बाहेर गेलाय.

झेंडूची तोडणी संपली की बार काढीन.

तुमची
दीपमाला


मखमलाबाद
२० डिसेंबर १९९९

तीर्थरूप दादा,

झेंडूची तोडणी केव्हाच संपली. तुम्हालाही माहीत आहे, दिवाळीनंतर झेंडू राहतोच किती. मागच्या पत्रात थाप मारली होती.

खरं कारण लिहिते. दोनदा मी रिव्हॉल्व्हर घेऊन विहिरीवर गेले. काकांना लांब उभं केलं, पाय रोवले. आणि दोन्ही वेळा परत आले. हात थरथरत नव्हता, कामाबद्दल शंका नव्हती. पाठ मोकळी वाटत होती, एवढंच. इतकी वर्षं तुम्ही बार काढताना मी तुमच्या डाव्या खांद्यामागे उभी राहते. कुणीतरी उभं राहायचंच, हाही तुमचाच नियम. माझ्या मागे कोण? भिमाजीकाका म्हणाले, "मी ऱ्हातो की उभा." त्यांना बिचाऱ्यांना फटाक्याचीही धास्ती, डोळे मिटून उभे राहतात. डोळे मिटलेला माणूस पाठीमागे काय कामाचा?

म्हणून हे पत्र. रविवारी, सव्वीस तारखेला, सकाळी ऊन वर आल्यावर बार काढणार. चौकीत कळवून झालं आहे. धनराज लायसन्स आणि काडतुसं घेऊन येतोय. नवी कोरी, दुकानातून आणायला बजावलं आहे. तानुबाईही येणार म्हणे, "माझ्या हत्याराला काय केलंय ते बघू दे."

तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे. विनवणी नाही, इच्छा. माझ्या मागे उभं राहायचं आणि हात लावायचा नाही. ते जमणार नसेल तर येऊ नका, तिकडेच छताकडे बघा. बार मीच काढणार, तुम्ही या अगर येऊ नका. पण आलात तर मला बरं वाटेल. खूप बरं वाटेल.

आईने तुमच्यासाठी मेथीचे लाडू केले आहेत. डबा लपवला आहे, पण मला जागा माहीत आहे. रविवारनंतर किती उरतील ते सांगता येत नाही.

साष्टांग नमस्कार. घ्या, यावेळी पूर्ण.

दीपमाला


मखमलाबाद
२८ डिसेंबर १९९९

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. हे पत्र तुला, कारण माझी सगळी पत्रं तूच वाचलीस, तेव्हा शेवट कळायचा हक्क तुझाच. दादा सांगतील ते धरू नकोस, ते चार शब्दांत उरकतील.

रविवारी आम्ही विहिरीवर जमलो. मी, भिमाजीकाका, धनराज आणि तानुबाई. आई येत नाही, तुला माहीत आहे. त्या अपघातानंतर ती विहिरीकडे फिरकली नाही. विहीर कोरडी आहे, तळाशी वाळूचा ढीग, काठावरून खाली बार मारायचा. मी रस्त्याकडे बघणार नव्हते, पण बघत होते. पहिली गाडी येऊन गेली असणार, एवढा वेळ झाला. दादा नाहीत. मग म्हटलं, ठीक आहे. कापसाचे बोळे कानात घातले आणि विहिरीकडे तोंड करून उभी राहिले. एकदा उभं राहिलं की मागे वळून बघायचं नसतं.

एकेक काडतूस घालून मारायचं होतं. पहिला बार उडाला! आत्या, काय सांगू! असा खणखणीत, की काकांच्या गुलाबातले पारवे उठले आणि माझ्या तोंडून "हाऽऽ!" निघालं. हात जागचा हलला नाही. चक्री उघडली, घर तपासलं, सगळं जिथल्या तिथे. दुसराही तसाच. मला ओरडावंसं वाटत होतं.

तिसरं काडतूस घातलं. चाप ओढला. टक्.

नुसतं टक्.

मी हलले नाही. नळी वाळूवर. आणि तेवढ्यात, मागून एक हात पुढे आला. माझ्या मनगटापर्यंत. तीन बोटांचा.

दादा कधी आले, मला पत्ताच नव्हता. नंतर कळलं, मी पहिलं काडतूस घालत असताना ते बांधावरून आले, तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्या डाव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. दोन बार त्यांनी मुकाट पाहिले. तिसऱ्याला राहवलं नाही.

तो हात माझ्या हाताच्या इतक्या जवळ होता की मला तेलाचा वास आला. मला कळलं, आता ते घेणार. नेहमीसारखं. आणि मी देणार नव्हते, पण झटापट करण्याची ती जागा नव्हती. मग मला जे सुचलं ते केलं. मोठ्याने म्हटलं, "घोटी."

हात तिथेच थांबला.

मी मनात चार माणसं चढवली, दोन उतरवली. म्हटलं, "पाडळी."

मग तो हात हळूच मागे गेला. माझ्या मागून त्यांचा आवाज आला, घोगरा, "अस्वली."

मी म्हटलं, "लहवित."

"लहवितला थांबते गाडी," ते म्हणाले. "घाई करू नको."

"करत नाही."

"मग थांब. दूधवाले चढतायत."

आम्ही लहवितला थांबलो. सगळे दूधवाले, त्यांच्या किटल्या, सगळं चढू दिलं. देवळाली त्यांनी म्हटलं. तिथेही माणसं उतरू दिली, चढू दिली. शेवटी मीच म्हटलं, "नाशिक रोड," आणि ते म्हणाले, "उतर आता."

मी चक्री उघडली. काडतूस काढलं. त्याच्या बुडाच्या टिकलीवर घोड्याचा ठसा अगदी मधोमध उमटला होता, म्हणजे माझ्या कामात खोट नव्हती. मी ते धनराजच्या नाकासमोर धरलं. "नवं आहे हे?"

"नवंच हाय की," तो म्हणाला आणि आईकडे बघायला लागला.

तानुबाई पुढे आल्या. अगदी शांत. "दोन नवी हायेत, बाकीची घरचीच. कशाला टाकायची? आन् दसऱ्याला त्यांना बी घातली व्हती मी आंगूळ. आईला घातली, मग लेकरं काय पारोशी ठेवू?"

आत्या, दादा हसले! किती दिवसांनी! विहिरीच्या काठावर खाली बसले, गुडघ्यांवर हात मारून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ते पाणी सगळं हसण्याचंच होतं असं मी म्हणणार नाही. मीही त्यांच्याशेजारी बसले. मग त्यांनी तानुबाईंना हात जोडून सांगितलं, "काकी, पुढच्या दसऱ्याला लांबूनच फूल वाहा. देव रागावला तर माझं नाव सांगा." त्या म्हणाल्या, "सांगते की. तुझं नाव त्याला ठावं असंल." धनराजला त्यांनी असं झापलं की तो फटफटीवर बसून गावात जाऊन नवी काडतुसं घेऊन आला. तोवर काकांनी आम्हाला गुलाबाच्या वाफ्यात चहा पाजला.

बाकीचे चार बार मी काढले. दादा मागे उभे होते. या वेळी दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट धरून. एकही पुढे आला नाही. शेवटच्या बारानंतर मी वळून विचारलं, "कसं आहे?"

"चाप जरा जड आहे."

"तुम्हाला आवडतो म्हणून ठेवलाय."

"म्हणूनच म्हटलं," ते म्हणाले. आत्या, दादांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही. तूही ऐकलं नसशील.

मग मी म्हटलं, चला घरी, आई वाट बघतेय. तर म्हणे, "आज नाही. मी काय बोललो होतो? ज्या दिवशी तू बार काढशील त्या दिवशी मी या घरात नसेन. दिलेला शब्द दिला."

अगं, खरंच आले नाहीत! एवढ्या लांबून आलेला माणूस, घर हाकेच्या अंतरावर, आणि रात्र काढली भिमाजीकाकांच्या शेडमध्ये, फुलांच्या करंड्यांत! आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "राहू दे त्यांना. टोपी आहे माझ्याकडे." पण संध्याकाळी पिठलंभाकरीचा डबा तिनेच नेऊन दिला, दादांची ती कानटोपी डोक्यावर घालून. विहिरीच्या बाजूला ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा गेली. काका सांगत होते, टोपी बघून दादा उठूनच उभे राहिले.

काल सकाळी, तारीख बदलल्यावर, ते घरी आले. पायात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. देवाला नमस्कार केला, लाडू खाल्ले (सहा उरले, ते तुझ्या नावाने वेगळे ठेवले आहेत), आणि वर्कशॉपमध्ये गेले. मला वाटलं, आपल्या स्टुलावर बसतील. ते गिऱ्हाईकाच्या बाकड्यावर बसले आणि मला म्हणाले, "तो तुटलेला दुसरा पंजा दाखव. जास्त आगीत कसा राहिला?" मी दाखवला. पाऊण तास त्यावर भांडलो. छान भांडलो.

आणि आज सकाळची गोष्ट. पेठ रोडचा एक जण आला, भरमार, ठासणीची बंदूक घेऊन, पिकाला डुकरं लागलीत म्हणून. त्याने दादांना बघितलं आणि सरळ त्यांच्यापुढे बंदूक धरली. "दादा, बघा ना जरा."

दादा उठले नाहीत. दोन्ही हात त्यांनी हळूच पाठीमागे नेले. म्हणाले, "तिच्याकडे दे. मी मागे उभा असतो."

तर असं झालं. आता आत बोलावताहेत, त्या भरमारचा घोडा कुणी खोलायचा यावर चर्चा आहे. दादांचा राखाडी स्वेटर तुझ्याकडेच राहिला आहे, कुणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाठव. नाहीतर तूच घेऊन ये. सकाळच्या गाडीत बसलीस तर मधे कुठे उतरू नकोस.

तुझी
दीपमाला